परसातल्या कडुनिंबाच्या लिंबोळ्या: सडा पडल्यापासून फवारणीपर्यंत

जून उजाडून पावसाच्या एकदोन सरी झाल्या की कडुनिंबाखाली पिवळा सडा पडायला लागतो. पहिले चार दिवस बरं वाटतं. मग लिंबोळ्या पायाखाली चिरडतात, फरशी चिकट होते, गर आंबून वास सुटतो, माशा घोंगावू लागतात. पाऊस लागला की कुंडीत, पन्हाळीत, कंपाउंडच्या फटीत, जिथे माती दिसेल तिथे निंबाची रोपं उगवतात. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला ३० ते ५० किलो फळ देऊ शकतं आणि ते सगळं महिना-दीड महिन्यात खाली येतं. दर पावसाळ्यात हेच सोसून कंटाळलेली माणसं शेवटी झाड तोडायला माणूस शोधतात.

ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख. लिंबोळीचा त्रास झाडामुळे होत नाही. ती जमिनीवर पडून राहते, तिथून तो सुरू होतो. पडल्या दिवशी उचलली तर वर्षभर बागेला पुरणारं कीडनाशक हातात येतं. चार दिवस तशीच राहिली तर बुरशी, वास आणि नको असलेली रोपं. त्यामुळे पुढची प्रत्येक पायरी वेळेशी बांधलेली आहे.

आधी झाड कडुनिंबच आहे ना, ते पाहा

बकाण, म्हणजे बकाणनिंब, पुष्कळ परसांत कडुनिंब म्हणूनच वाढलेला असतो. कडुनिंबाच्या देठावर दोन्ही बाजूंना करवतीसारख्या कडांच्या, थोड्या वाकड्या छोट्या पानांची एकच रांग असते. बकाणाच्या देठाला पुन्हा उपदेठ फुटतात आणि पान जास्त विस्कटलेलं, जाळीदार दिसतं. कडुनिंबाचा मोहोर पांढरा आणि मधासारख्या वासाचा, बकाणाचा फिका जांभळा. फळांत तर फारच फरक आहे. लिंबोळी लांबट असते आणि पिकली की गळते. बकाणाची फळं गोल असतात आणि पानं झडल्यावरही हिवाळाभर घोसाने लटकत राहतात. बकाणाचं फळ विषारी आहे, माणसालाही आणि कुत्र्यालाही. घरात लहान मूल किंवा पाळीव कुत्रं असेल तर ती फळं हातमोजे घालून गोळा करा आणि पुरून टाका. खाली सांगितलेलं काहीही त्यांच्यावर करू नका.

मे महिन्यातली तयारी

फळं हिरवी असतानाच झाडाखालची जागा लख्ख झाडून घ्या. जुनी पानं, काड्या, गेल्या वर्षीची टरफलं, सगळं काढा. ओल्या कुजक्या पानांवर पडलेल्या लिंबोळीला बुरशी लवकर धरते, आणि मातीतून वेचण्यात वेळही दुप्पट जातो.

मग झाडाच्या घेराखाली काहीतरी अंथरा. शेडनेटचा तुकडा सगळ्यांत चांगला, कारण पावसाचं पाणी त्यातून निघून जातं आणि फळ वर राहतं. जुन्या सुती साड्या जोडून शिवल्या तरी काम भागतं. ताडपत्री मात्र टाळा. तिच्या खळग्यांत पाणी साचतं आणि लिंबोळ्या त्यात भिजत पडतात. अंथरलेल्याच्या कडा विटांनी थोड्या उचलून ठेवल्या की फळं मध्यावर घरंगळतात आणि वेचायचं काम भरायचं काम होऊन जातं.

पाण्याची टाकी झाडाखाली असेल तर झाकण घट्ट बसतंय ना ते बघून घ्या. पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावा. गाडी त्या दीड महिन्यात दुसरीकडे उभी करता आली तर उत्तम, कारण चिकट गर आणि फळं खायला येणाऱ्या पाखरांची शिट दोन्ही रंगावर बसतात.

रोज सकाळी वेचणी

वेचणी रोज करायची, आणि ऊन वर येण्याआधी. रोज जमत नसेल तर दिवसाआड. त्यापेक्षा लांबवू नका. रात्री वटवाघळं गर चोखून बिया टाकतात, पहाटेपासून साळुंक्या, बुलबुल आणि कावळे लागतात. पाखरांनी गर काढलेल्या स्वच्छ बियाही तितक्याच कामाच्या. त्या वेगळ्या वेचा, त्यांचं पुढचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

चांगली लिंबोळी पिवळी, टणक आणि अखंड असते. काळपट, सुरकुतलेली, पांढरी बुरशी आलेली किंवा चिखलात रुतलेली लिंबोळी वेगळ्या टोपल्यात टाका. ती औषधाला नको, थेट खड्ड्यात जाऊ द्या. इथे कंजूषपणा नको, कारण बुरशी धरलेल्या बीमध्ये अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात आणि एका सडक्या मुठीने पूर्ण पोतं खराब होतं.

घाई करून हिरवी फळं ओरबाडू नका. पूर्ण पिकलेल्या बीतला गर भरलेला असतो, कच्च्या फळातली बी वाळल्यावर पोकळ निघते. जे पिवळं झालं आहे ते फांदी हलकेच हलवली तरी खाली येतं. काठीने झोडपलं तर पुढच्या हंगामाच्या डहाळ्या मोडतात.

आणि सगळं वेचू नका. कडेच्या, उंच फांद्यांवरच्या लिंबोळ्या पाखरांसाठी राहू द्या. जूनमध्ये त्यांच्या पिलांना खाणं लागतं आणि परसात एवढं सहज मिळणारं दुसरं झाड बहुधा नसतं.

गर त्याच दिवशी काढा

गर गोड असतो, म्हणूनच तो लवकर आंबतो. आंबला की उष्णता तयार होते आणि ती आतल्या बीला मारक ठरते. रात्रभर पोत्यात बांधून ठेवलेल्या लिंबोळ्यांत सकाळी हात घातलात तर ते लगेच कळेल.

घमेल्यात किंवा बादलीत लिंबोळ्या घ्या, त्या बुडतील एवढं पाणी ओता आणि तासभर ठेवा. मग हाताने चोळा. थोडी जाडी वाळू टाकली किंवा गोणपाटाच्या तुकड्यावर रगडलं तर गर पटकन सुटतो. पाणी बदलत तीन-चार वेळा धुवा. वर तरंगणाऱ्या बहुतेक बिया पोचट असतात, त्या काढून टाका. खाली बसलेल्या पांढुरक्या, स्वच्छ बिया तुमच्या. चोळताना हाताला चिकटा येतो आणि वासही राहतो, म्हणून हातमोजे असले तर बरे. हाताला जखम असेल तर ते घालाच.

गर आणि धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, माशा तिथेच येतात. परसाच्या कोपऱ्यात वीतभर खोल खड्डा करा, त्यात ओता आणि वरून माती व वाळला पालापाचोळा पसरा. कंपोस्टच्या ढिगात टाकायचं असेल तर भरपूर वाळल्या पानांबरोबर, नाहीतर ढीग चिखलासारखा होतो.

वाळवणी: सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो

लिंबोळीतलं काम करणारं मुख्य द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन. ते कडक उन्हाने आणि उष्णतेने कमी होतं. म्हणून मिरच्या वाळवतो तशा बिया गच्चीवर दुपारभर टाकणं चूक. पण सावलीत वाळवायचं तर महिना जून-जुलैचा, हवेत ओल. मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाला उघडीप मिळते, तिथे निभतं. पुण्याच्या पश्चिमेला आणि कोकणात मात्र बुरशीची शर्यत लागते.

सांगतो तसं करा. धुतलेल्या बिया आधी चाळणीत किंवा सुती कापडावर निथळू द्या. मग हवा खेळती असलेल्या खोलीत, पडवीत किंवा छपराखाली गोणपाट अंथरून एका थरात पसरा. एकावर एक बी बसता कामा नये. प्लॅस्टिकवर पसरू नका, खालची ओल अडकून राहते. ढगाळ दिवस असतील तर पंखा लावून ठेवा. दिवसातून दोन-तीन वेळा हाताने परता. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर दाखवलं तर चालतं, वरची ओल लवकर जाते.

चांगल्या हवेत चार-पाच दिवस लागतात, पावसाळी हवेत आठ-दहा. वाळली की नाही हे कान आणि नख दोन्ही सांगतात. मूठभर बिया कानाशी हलवल्या तर आतला गर टरफलात खुळखुळतो. एक बी फोडून आतला गर नखाने दाबून पाहा: वाकला तर ओला आहे, कट्कन तुटला तर वाळला. आतला गर हिरवट-पिवळसर असायला हवा. तपकिरी किंवा काळा दिसला तर त्या खेपेला कुठेतरी उष्णता किंवा बुरशी लागली आहे, ती खेप औषधाला घेऊ नका.

साठवण

वाळलेल्या बिया कापडी पिशवीत किंवा गोणपाटाच्या पोत्यात भरा. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात उरलीसुरली ओल घाम धरते. पोतं जमिनीला लागू देऊ नका, दोन विटांवर फळी टाकून ठेवा. जागा अंधारी, कोरडी आणि स्वयंपाकघरापासून दूर असावी. धान्याच्या कोठीत तर नकोच, वास लागतो. पिशवीवर महिना लिहून ठेवा. आठ-दहा महिन्यांत वापरून टाकावं, पुढे तिची ताकद उतरत जाते. पूड आधीच करून ठेवू नका, लागेल तेव्हा लागेल तेवढीच करा.

अर्क कसा करायचा

शेतीत ५ टक्के निंबोळी अर्काची शिफारस आहे: ५ किलो निंबोळीची पूड आणि एकूण १०० लिटर पाणी. परसासाठी त्याचा हिशोब सोपा होतो, १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम. बादलीभर, म्हणजे १० लिटर फवारा हवा असेल तर अर्धा किलो. हे वजन टरफल काढलेल्या गराचं धरलं तर अर्क जोरदार होतो. टरफलासकट कुटणार असाल तर थोडं जास्त घ्या, कारण वजनाचा मोठा वाटा टरफलाचा असतो.

बिया खलबत्त्यात किंवा जुन्या पाट्यावर जाडसर कुटा. रोजच्या मिक्सरच्या भांड्यात दळू नका. कडूपणा आणि वास त्या भांड्यातून जाता जात नाही. या कामाला एखादं भांडं कायमचं वेगळं काढलेलं बरं. फार बारीक पीठ केलं तर तेल सुटून गोळा होतो आणि गाळताना कापड तुंबतं. रव्याएवढी जाडी पुरे.

पूड सुती कापडात सैल बांधून १ ते २ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पाणी दुधाळ झालेलं असतं. पुरचुंडी त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून, पिळून काढा, पिळलेलं पाणी फिकट होईपर्यंत. मग दुहेरी पंच्यातून गाळा, नाहीतर फवारणी पंपाचं तोंड अडकतं. साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून टाका. प्रमाण १०० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे १० लिटरला २० ग्रॅम. साबणाशिवाय अर्क पानावर थेंब होऊन ओघळतो. शेवटी पाणी घालून १० लिटर पूर्ण करा. हा अर्क त्याच दिवशी संपवायचा. पाण्यात मिसळल्यावर त्याची ताकद टिकत नाही, उद्यासाठी ठेवून काही मिळत नाही.

अझाडिरॅक्टिनकडे जगाचं लक्ष कसं गेलं, ते परसात निंब असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा हाइनरिक श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं की टोळांनी आजूबाजूचं हिरवं सगळं फस्त केलं, पण कडुनिंबांना सोडलं. १९६८ मध्ये अझाडिरॅक्टिन बियांतून वेगळं काढण्यात आलं. पुढे निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेच्या कृषी खात्याला आणि एका अमेरिकी कंपनीला युरोपात पेटंट मिळालं. भारतात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वापरात असल्याचे पुरावे दिल्यावर ते २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. ज्या बिया आपण खराट्याने गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकतो, त्यांच्यासाठी एवढी लढाई झाली आहे.

फवारणी

वेळ संध्याकाळची. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होतं, आणि दिवसा मधमाश्या फुलांवर असतात. पानाच्या खालच्या बाजूला फवारा, कारण मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी तिथेच बसतात. वारा नसताना, तोंडाला फडकं बांधून आणि डोळे सांभाळून. पहिल्यांदा एकदोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पाहा. कोवळ्या रोपांना कधीकधी साबणामुळे डाग पडतात.

हे औषध किडीला तडकाफडकी मारत नाही, हे समजून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी मावा तसाच दिसला की विश्वास उडतो. कीड खायची थांबते, अळीची कात नीट पडत नाही, अंडी घालणं कमी होतं. त्यामुळे परिणाम चार-पाच दिवसांनी दिसतो आणि फवारणी आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी लागते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि लहान अळ्यांवर उपयोग चांगला. मोठ्या, पोसलेल्या अळ्यांवर फारसा नाही, त्या हाताने वेचून टाकलेल्या बऱ्या. पाऊस पडणार असेल तर थांबा. भाजी काढायच्या आधी तीन-चार दिवस फवारू नका आणि काढल्यावर धुवून घ्या, नाहीतर मेथी कडू लागेल.

पिळून उरलेला चोथा कुंड्यांच्या मातीत मिसळा, झाडाला पाव मूठ पुरे.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. नैसर्गिक आहे म्हणून पोटात घ्यायला सुरक्षित आहे, असं मानू नका. निंबाचं तेल पाजल्यावर लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. अर्क, तेल आणि बियांचं पोतं मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

आपल्याला लागतं त्याहून जास्त झालं तर

एका परसाला पाच-सहा किलो वाळल्या बिया वर्षभर भरपूर होतात. बाकीच्या शेतकऱ्याला द्या. गावाकडे कुणी भाजीपाला किंवा कापूस करत असेल तर तो आनंदाने घेऊन जाईल. आठवडी बाजाराच्या गावांत लिंबोळी विकत घेणारे व्यापारीही असतात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबतेलाचं आवरण सक्तीचं केल्यापासून तेलाची मागणी वाढली आहे. तेल काढून आणायचं ठरवलंत तर खाद्यतेलाच्या घाण्यावर नेऊ नका. तो वास पुढच्या शेंगदाण्याच्या तेलात उतरतो, आणि घाणेवालाही त्याला तयार होत नाही.

रोपं: हवी असलेली आणि नको असलेली

निंबाचं बी उगवण्याची ताकद फार दिवस धरत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती झपाट्याने उतरते. म्हणून रोपं करायची तर धुतलेली ताजी बी आठवड्याच्या आत पिशवीत पेरा. अर्धा इंच खोल, बी आडवी, माती ओलसर. एक ते तीन आठवड्यांत अंकुर येतो. पोत्यातल्या सहा महिन्यांच्या बियांतून रोपं होणार नाहीत, ती फक्त औषधाला.

याच गुणाचा फायदा असा की परसात वेचणी नीट झाली तर पुढच्या वर्षी जमिनीत जुन्या बियांचा साठा उरत नाही. जी उगवतात ती त्याच पावसातली. चार-सहा पानांची असताना, पाऊस पडून गेल्यावर मऊ मातीतून बुडाशी धरून सरळ ओढा, मुळासकट येतात. दसऱ्यापर्यंत थांबलात तर सोटमूळ खोल गेलेलं असतं आणि वरून तोडलेलं रोप पुन्हा फुटतं. पाया, सेप्टिक टँक, विहिरीचं बांधकाम आणि भिंतीच्या फटी इथे दर पंधरवड्याला नजर टाका. फटीतलं रोप काढल्यावर फट सिमेंटने लगेच बुजवा.

फळच कमी करता येईल का?

थोडं. फळांचा हंगाम संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी, घरावर आणि टाकीवर आलेल्या फांद्या फुटल्या जागेपासून छाटल्या तर त्या बाजूचा सडा पुढच्या वर्षी कमी होतो. पण सगळा माथा उतरवून खोड बोडकं करू नका. झाड सूड घेतल्यासारखे दाट, कमकुवत धुमारे फेकतं आणि वादळात तेच मोडतात. शहरात राहत असाल तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. छाटणीसाठीही उद्यान विभागाकडे आधी अर्ज करून ठेवा. मोहोरावर काही रसायन मारून फळधारणा रोखायचा प्रयत्न परसात करू नका, त्या मोहोरावर मधमाश्या असतात. पाडव्याला त्यातला थोडा मोहोर चटणीसाठी काढून घेतलात तर तेवढी फळंही कमी.

सुबाभळीला हे नियम लागू नाहीत

परसात सुबाभूळ असेल तर पद्धत उलटी. तिची बी कठीण कवचाची असते आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते, त्यामुळे पडल्यावर वेचून भागत नाही. शेंगा हिरव्या-चपट्या असतानाच, तपकिरी होऊन तडकायच्या आत, फांदीसकट उतरवा. वर्षातून तीन-चार वेळा हे करावं लागतं, कारण ती एकदाच फुलून थांबत नाही. पाला शेळ्यांना थोडा चालतो, पण मिमोसिन या द्रव्यामुळे एकटा तोच चारा देऊ नये. घोड्याला तर मुळीच नको, केस झडतात. पिकलेल्या शेंगा कंपोस्टात टाकल्या तर बिया तिथून बागभर पसरतात. त्या शेंगा उकळत्या पाण्यात बराच वेळ शिजवा किंवा जाळा. नुसतं गरम पाणी ओतून सोडू नका, त्याने कवच मऊ होऊन बी उलट लवकर उगवते. आणि झाड तोडायचं ठरलंच, तर बुंधा पूर्ण काढा. नुसतं कापलं तर महिन्याभरात तिथून पुन्हा झुडूप उभं राहतं.